गरज कुणी ठरवायची?

पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला नुसते कुशीवर वळायचे असले, तरी ते त्याच्या हाती नसते. दोनतीन परिचारिका येतात, खांदे, कंबर नि पाय एका रेषेत धरतात आणि ओंडका लोटावा तसा त्याला एका दमात वळवतात. पाठीला पीळ पडता कामा नये. मग पायांची बोटे हलवायला सांगतात, स्पर्श कळतो का विचारतात, लघवीची नोंद करतात. यांतला एकही प्रश्न वायफळ नाही. बोटांतली शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर आत रक्त साकळून मज्जारज्जूवर दाब आल्याची ती खूण असू शकते.

पण खाटेवरच्या माणसाचे प्रश्न निराळेच असतात. ‘मी पुन्हा चालेन ना?’ हा एक. दुसरा त्याहून लहान, पण अधिक बोचणारा: शेजारचा जागा असताना बेडपॅन मागायचे कसे? मागावे लागू नये म्हणून तो पाणीच कमी पितो. तक्त्यात कमी पाणी चढते, कारण चढत नाही.

म्हणून परिचारिकेला निष्ठुर ठरवायचे का? मला ते पटत नाही. 1944 साली इंग्लंडातल्या स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी, कण्याला इजा झालेल्या सैनिकांची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदलण्याचा दंडक घातला. ती झोपमोड कुणाला आवडली असेल! पण त्यापूर्वी असे अनेक रुग्ण शय्याव्रणांनी दगावत. रुग्णाची इच्छा प्रमाण मानली असती, तर रुग्णच उरला नसता. मात्र याच गुटमननी 1948 साली चाकांच्या खुर्चीतल्या 16 जणांच्या हाती धनुष्यबाण देऊन सामने भरवले. माणसाला जगण्यापलीकडेही काही हवे असते, हे त्यांनी ओळखले होते.

देहाचा धोका परिचारिकेनेच ओळखावा. लाज कुठे वाटते, हे मात्र रुग्णच सांगू शकतो. आणि तो सहसा सांगत नाही. ‘ठीक आहे ना?’ म्हटले की ‘हो सिस्टर’. आम्हां मास्तरांच्या हे उत्तर चांगले ओळखीचे आहे; ‘समजलं ना?’ म्हटल्यावर सगळा वर्ग एका सुरात देतो, तेच. तेव्हा आधी पडदा ओढावा, मग विचारावे. आणि घंटा खाटेच्या दांडीला न अडकवता त्याच्या मुठीत द्यावी. उताण्या पडलेल्या माणसाला दांडी दिसतही नाही.