पन्नाशीचा थकवा आणि पौरुषाचा बाजार

दिवाळीच्या आगेमागे बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, गव्हाणीत मोळी पडते आणि गळीत हंगाम सुरू होतो. शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरचं वर्ष याच तालावर चालतं. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेली ही वसाहत. कारखान्याचे संस्थापक पी. के. अण्णा पाटील यांचं, म्हणजे पुरुषोत्तम पाटलांचं, नाव तिने घेतलं. उत्तरेला सातपुड्याची रांग, दक्षिणेला तापी, मधल्या काळ्या जमिनीत ऊस, केळी, पपई. हंगाम लागला की कारखाना रात्रंदिवस चालतो आणि माणसं पाळ्यांमध्ये वाटली जातात.

या एकाच कारखान्याच्या आधाराने दोन प्रकारचे पुरुष म्हातारे होतात. पहिला पन्नाशीतला बागायतदार किंवा वसाहतीतला कायम कामगार. शेतावर मोटारसायकलने जाणार, पाणी मोटारीने देणार, रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणार किंवा रात्रपाळी करणार. दिवसाकाठी पाच-सहा गोड चहा होतातच. हातपाय बारीक, पोट पुढे. दुसरा ऊसतोड कामगार. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातली कुटुंबं हंगामात खाली उतरतात. काही इथल्या फडात, पुष्कळशी गुजरातेत. पहाटे अंधारात फडात शिरायचं, बुडापासून ऊस तोडायचा, पाचट काढायचं, वाढ्यांनी मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. गाडी रात्री आली तर भरणी रात्री. पंचेचाळिशीत या माणसाचा चेहरा साठीचा दिसतो.

दोघांची तक्रार मात्र एक आहे : अंगात जोर राहिला नाही. अहिराणीत सांगा, गुजरीत सांगा नाहीतर पावरीत, मतलब तोच. आणि दोघांनाही उत्तर एकच मिळतं. एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर ते रंगवलेलं असतं, यात्रेतल्या शिलाजितवाल्याच्या चटईवर मांडलेलं असतं, आणि आता ते मोबाइलच्या पडद्यावर ‘टेस्टोस्टेरॉन’ अशा शास्त्रीय नावाने झळकतं. तुमच्या थकव्याचं कारण तुमचं कमी झालेलं पौरुष, आणि ते आमच्या बाटलीत आहे. थकव्याला मर्दानगीचं नाव दिलं की माणूस डॉक्टरकडे जायला लाजतो आणि बाटली मात्र गुपचूप घेतो. हा सगळा धंदा त्या लाजेवर उभा आहे.

धंदा जुना आहे आणि आपल्यापुरता नाही. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परत आल्याचं विद्वानांच्या सभेत सांगितलं. त्या पाण्यातल्या अर्कात संप्रेरक जवळजवळ नव्हतंच. आलेला जोर मनाचा होता. पुढे व्हिएन्नाच्या स्टायनाखने शुक्रवाहिनी बांधून तारुण्य देण्याची शस्त्रक्रिया काढली. फ्रॉइडने ती करून घेतली, कवी येट्सनेही. शल्यचिकित्सक व्होरोनॉफने १९२०च्या दशकात श्रीमंत म्हाताऱ्यांना माकडांच्या वृषणांचे तुकडे बसवले. खरं संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, वेगळं काढलं गेलं १९३५मध्ये, आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही झालं. म्हणजे पदार्थ हाती येण्याच्या शेहेचाळीस वर्षं आधी त्याचा बाजार भरला होता.

आपल्याकडे या बाजाराशी एकहाती भांडले ते रघुनाथ धोंडो कर्वे. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं आणि वीर्यनाशाच्या भयगंडाची टर उडवली. त्यांच्यावर खटले झाले; एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्वे गेले आणि लगेच १९५४मध्ये चमत्कारी औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा झाला. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणारी जाहिरात त्या कायद्याने गुन्हा ठरते. तो कायदा आजही लागू आहे आणि भिंती आजही रंगलेल्या आहेत.

आता शास्त्र काय म्हणतं ते पाहू. तिशी-चाळिशीनंतर पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन दर वर्षी साधारण एक टक्क्याने उतरतं, हे खरं. पण उतरणं म्हणजे आजार नव्हे. युरोपातल्या आठ केंद्रांवर चाळीस ते एकोणऐंशी वयाचे तीन हजारांहून अधिक पुरुष तपासले गेले. पातळीही कमी आणि त्यासोबतची ठरावीक लैंगिक लक्षणंही, असे निघाले जेमतेम दोन टक्के. अमेरिकेत २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत पासष्टीपुढच्या, खरोखर कमी पातळी असलेल्या ७९० पुरुषांपैकी निम्म्यांना वर्षभर टेस्टोस्टेरॉनचं जेल दिलं. कामेच्छा थोडी सुधारली, मनही किंचित हलकं झालं. उत्साहात मात्र म्हणावा असा फरक पडला नाही. ज्या तक्रारीसाठी बाटली विकली जाते, नेमकी तीच जागची हलली नाही.

२०२३मध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, हा दिलासा. पण हृदयाची अनियमित धडधड, फुप्फुसात अडकणारी रक्ताची गुठळी आणि मूत्रपिंडाला अचानक होणारी इजा जास्त दिसली; पुढे हाडं मोडण्याचं प्रमाणही जास्त निघालं. शिवाय बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूम थांबतो आणि शुक्रजंतू घटतात. व्यायामशाळेत मिळणारी सुई टोचून घेणाऱ्या तरुणाला हे कोणी सांगत नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी तो वंध्यत्वाच्या दवाखान्यात बसलेला असतो आणि तपासणी मात्र आधी बायकोची होते.

आणखी एक गोष्ट जाहिरातवाल्याला परवडणारी नाही. टेस्टोस्टेरॉनचा आकडा म्हणजे पुरुषाची किंमत, हे समीकरणच कच्चं आहे. मानववंशशास्त्रज्ञ पीटर एलिसन आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये चार ठिकाणच्या पुरुषांची तुलना केली : बॉस्टनचे शहरी, पॅराग्वेचे आचे, काँगोचे लेसे आणि नेपाळचे तामांग. म्हातारपणी चौघांची पातळी जवळजवळ सारखीच. फरक होता तरुणपणी. भरपेट खाणाऱ्या बॉस्टनकरांची तरुणपणीची पातळी सगळ्यांत उंच, म्हणून त्यांचा उतारही सगळ्यांत तीव्र. बोलिव्हियातल्या त्सिमाने शेतकऱ्यांची पातळी अमेरिकनांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, तरी तासभर झाडं तोडली की तेवढ्यापुरती ती जवळजवळ निम्म्याने उसळते. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात बाप झालेल्या तरुणांची पातळी उतरली, आणि रोज तीन तास किंवा जास्त वेळ लेकरू सांभाळणाऱ्यांची सर्वांत कमी भरली. त्यांचं काही बिघडलेलं नव्हतं. शरीराचं लक्ष चढाओढीवरून संगोपनाकडे वळलं होतं. नातवाला खांद्यावर घेऊन पेरूच्या झाडाखाली फिरवणाऱ्या आजोबांचा आकडा कमी भरला, तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काय आहे?

हे लक्षात घेऊन पुरुषोत्तमनगरच्या दोन पुरुषांकडे परत पाहावं. पहिल्याचा थकवा भरभराटीतून आलेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि लंडनच्या जॉन युडकिन यांची तुलना छापली होती. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबीदार ही आपली ठेवण आहे. हाच चरबीचा साठा पोटात टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर स्त्री-संप्रेरकात करतो, इन्सुलिनचा प्रभाव बोथट करतो, मधुमेहाला वाट देतो. मधुमेह झालेल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी असणं नेहमीचं आहे. शिकागोत दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांची दिवसाची पातळी दहा ते पंधरा टक्क्यांनी घसरली. हंगामभर रात्रपाळी करणाऱ्याने, किंवा झोपेत घोरता घोरता श्वास अडकणाऱ्याने, आपल्या थकव्याचं कारण आधी उशीवर शोधावं. कमी आकडा हा बहुधा रोगाचा निरोप असतो. निरोप्याला औषध पाजून रोग जात नाही.

दुसऱ्याचा थकवा तुटीतून आलेला आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मुकादम उचल देतो ती त्या जोडीच्या अंगातल्या जोरावर. जोर सरला की उचल कमी, मग कर्ज वर, मग पुढचा हंगाम आणखी वाकून. बागायतदाराला कमजोरीची भीती वाटते ती प्रतिष्ठेसाठी. तोडकऱ्याची भीती थेट भाकरीची आहे. म्हणून फसवायला तो अधिक सोपा. अंगदुखीवर गोळी, गोळीवर दारू, आणि हंगाम संपताना मिळालेल्या पैशातून एखादी ताकदीची पुडी. त्याच्या थकव्याची खरी नावं वेगळी आहेत : रक्तक्षय, क्षयरोग, अपुरं अन्न, आणि सातपुड्याच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ला सुरू झालं. या आजाराची तपासणी रक्ताच्या थेंबावर होते. ती न करता ‘मर्दानी कमजोरी’चं औषध देणं ही निव्वळ फसवणूक आहे.

गंमत अशी की या बाजारातला एक प्रतिष्ठित माल सातपुड्यातच उगवतो. सफेद मुसळी. बोरिवलीच्या जंगलावरून जिला शास्त्रीय नाव मिळालं तीच ही वनस्पती. पहिल्या पावसात तिची कोवळी पानं भाजी म्हणून शिजतात. पावसाळा सरल्यावर मुळं खणून, सोलून, वाळवून व्यापाऱ्याकडे जातात. मुसळीवरचे बहुतेक प्रयोग उंदरांवरचे आहेत. अश्वगंधेवर माणसांच्या छोट्या चाचण्या झाल्या, काहींत पातळी थोडी वाढली. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. ‘वनौषधी आहे, अपाय नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या चूर्णांत सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध मिसळलेलं अनेक देशांत सापडलं आहे. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्या माणसाने नकळत ते खाल्लं, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

परंपरेचं नाव घेऊन विकणाऱ्यांनी परंपरा तरी पुरती वाचावी. वाजीकरण, म्हणजे कामशक्तीची चिकित्सा, हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक, हे सगळे सांगतात. चरकाने चिकित्सास्थानात त्याच्याआधी रसायनाचा अध्याय ठेवला, आणि त्यात आचाररसायनही सांगितलं. खरं बोलणं, राग आवरणं, मद्यापासून दूर राहणं, अतिश्रम टाळणं, झोप आणि जागरणाचं प्रमाण राखणं, असं वागणाऱ्याला औषधावाचूनही रसायनाचं फळ मिळतं, असा त्याचा आशय. या रसायनाची पुडी बांधता येत नाही, म्हणून ते दुकानात दिसत नाही.

मग टेस्टोस्टेरॉनचा उपचार थोतांड आहे का? मुळीच नाही. वृषणांच्या किंवा मेंदूतल्या पियूषिका ग्रंथीच्या आजाराने ज्याचं संप्रेरक खरोखर आटलं आहे, त्याच्यासाठी तो आवश्यक आहे आणि तो घेण्यात लाज नाही. फक्त रीत पाळावी. कामेच्छा ओसरणं, पहाटेचं ताठरपण जाणं, दाढी विरळ होणं अशी लक्षणं असतील तरच तपासणीसाठी रक्त द्यावं. ते सकाळी, उपाशीपोटी, आणि वेगवेगळ्या दोन दिवशी. दोन्ही वेळा पातळी डेसिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर संप्रेरकतज्ज्ञाकडे जावं. उपचार सुरू झाल्यावर रक्ताची घनता आणि प्रोस्टेट यांवर नजर ठेवावी लागते. मूल हवं असणाऱ्याने ही सुई घेऊच नये.

बाकी थकलेल्या सर्वांसाठी क्रम वेगळा आहे. आधी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, रक्तदाब पाहावा. मन उदास आहे का, हे घरच्यांनी विचारावं. निवृत्तीनंतर वसाहतीतल्या ओट्यावर एकटा बसलेला माणूस ‘कमजोरी’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो नैराश्य सांगत असतो. पोटाचा घेर उतरवावा. वजन उतरलं तर पातळी आपोआप चढते, हे युरोपातल्या त्याच पाहणीत दिसलं. आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंवर भार पडेल असं काम करावं, ते व्यायामशाळेत असो की शेतात. दादर ज्वारीची भाकरी, डाळ, अंडी, भाजी ताटात असावी आणि चहातली साखर निम्म्यावर यावी, साखर कारखान्याच्या गावात असलो तरी. सात तास झोपावं. दारू सोडावी.

हा सल्ला पहिल्या पुरुषाला पुरेल. दुसऱ्याला पुरणार नाही, कारण झोप, अन्न आणि विश्रांती त्याच्या हातात नाहीत. ती मुकादमाच्या हिशेबात आणि गाडीच्या वेळेत अडकलेली आहेत. म्हणून शेवटचं सांगणं राज्यातल्या कारखान्यांना आहे. हंगामाआधी ऊस-नोंदणी काटेकोर होते, बॉयलरची तपासणी होते. त्याच आठवड्यात तोडणीला येणाऱ्या प्रत्येक पुरुषाची आणि बाईची रक्ततपासणी व्हावी : हिमोग्लोबिन, सिकलसेल, साखर, आणि गरज दिसल्यास क्षयाची थुंकीतपासणी. फडावर पिण्याचं पाणी असावं आणि रात्रीच्या भरणीनंतर सकाळची सुटी असावी. एवढं झालं तर कोणत्याही बाटलीपेक्षा जास्त ताकद या भागातल्या पुरुषांच्या अंगात येईल.