वादळानंतर कोणाला किती?



2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. त्या वेळी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. कौले उडाली, पत्रे उडाले, केळीच्या बागा आडव्या झाल्या. लोकांनी उदार हाताने चर्चमध्ये मदत आणून दिली. ती वाटायची कशी, हा प्रश्न माझ्यापुढे आला. वाद नको म्हणून मी सोपा मार्ग धरला. घरांचे नुकसान झालेल्यांची यादी केली आणि सर्वांना सारखी रक्कम दिली.

दुसऱ्या दिवशी एका वृद्ध गृहस्थांनी आपले पाकीट मला परत आणून दिले. ते म्हणाले, "फादर, मुलाने परवाच नवे पत्रे टाकून दिले. मला याची गरज नाही. पण त्या कोपऱ्यावरच्या खोलीत राहणाऱ्या बाईला तुम्ही काहीच दिले नाही." ती विधवा आपल्या तीन मुलांसह भाड्याने राहत होती. माझ्या यादीत फक्त घरमालक होते. मी सर्वांना समान वागवले, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात गरज नसलेल्याला दिले आणि गरज असलेलीला वगळले. पक्षपात मनात नव्हता. तरीही अन्याय झाला होता.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात आहे. आपत्तीनंतर ज्याचे घर पडले, त्याला किती द्यावे? सर्वांना सारखे, ज्याने जितके गमावले तितके, की ज्याला जितकी गरज आहे तितके? ही तीन उत्तरे वेगवेगळी आहेत.

या प्रश्नाचे एक मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. 29 ऑगस्ट 2005 रोजी कॅटरिना चक्रीवादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळले. न्यू ऑर्लिन्स शहराचे पुराचे बांध फुटले आणि सुमारे 80 टक्के शहर पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर घरमालकांना वाटले, विमा आहे, काळजी नाही. पण तेथे घराच्या नेहमीच्या विम्यात वाऱ्याने झालेले नुकसान भरून मिळते, पुराचे मिळत नाही. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. मग घर वाऱ्याने पडले की पाण्याने, यावर भांडणे सुरू झाली. काही ठिकाणी तर घराचा नुसता चौथरा उरला होता. तो काय साक्ष देणार? फेमा या सरकारी आपत्ती संस्थेचे अनुदान त्या वर्षी एका कुटुंबाला जास्तीत जास्त 26,200 डॉलर होते. तेवढ्यात घर उभे राहत नाही. सरकारी कर्जाची सोय होती, पण कर्ज फेडण्याची ऐपत नसलेल्याला तिचा काय उपयोग?

म्हणून 'रोड होम' नावाची योजना आली. तिच्यातून घरमालकाला जास्तीत जास्त 1,50,000 डॉलर मिळत. विम्याचे आणि फेमाचे पैसे त्यातून वजा होत. विमा न घेतलेल्यांच्या अनुदानातून 30 टक्के कापण्याचाही नियम होता. मात्र खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी होती. अनुदान ठरवताना घराची वादळापूर्वीची बाजारातील किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांपैकी जी रक्कम कमी, ती धरली जाई.

वरवर पाहता हा नियम चोख वाटतो. जितकी वस्तू, तितकी भरपाई. आता एक साधे गणित करून पाहा. समजा, दोन घरे सारखीच मोठी आहेत आणि दोघांच्या दुरुस्तीला 1,40,000 डॉलर लागणार आहेत. एक घर श्रीमंत गोऱ्या वस्तीत आहे, त्याची किंमत 2,00,000 डॉलर. दुसरे गरीब कृष्णवर्णीय वस्तीत आहे, त्याची किंमत 60,000 डॉलर. पहिल्याला 1,40,000 मिळतील आणि दुसऱ्याला फक्त 60,000. पण सुतार, विटा आणि सिमेंट दोघांनाही एकाच भावाने घ्यायचे आहे! वस्तीची किंमत कमी असण्यामागे वर्षानुवर्षांचा वर्णभेद होता. तोच जुना अन्याय नव्या योजनेच्या हिशेबात शिरला. 2008 साली काही कृष्णवर्णीय घरमालक आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या संस्था न्यायालयात गेल्या. 2011 साली तडजोड झाली आणि सुमारे 6 कोटी 20 लाख डॉलरची वाढीव मदत देण्याचे ठरले. वादळाला तोपर्यंत जवळजवळ सहा वर्षे झाली होती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला अॅरिस्टॉटलचा न्यायविचार अभ्यासावा लागे. संत थॉमस अक्वायनस यांनी तो पुढे नेला. ते न्यायाचे दोन प्रकार मानतात. एक देवघेवीचा न्याय: मी तुमची वस्तू मोडली, तर तिची किंमत भरून द्यायची. दुसरा वाटपाचा न्याय: समाजाचे जे सामाईक आहे, ते प्रत्येकाला योग्य प्रमाणात द्यायचे. 'रोड होम'च्या नियमाने वाटपाच्या ठिकाणी देवघेवीची तागडी लावली. सरकार त्या लोकांकडून घर विकत घेत नव्हते, त्यांना घरी परत यायला मदत करत होते. मग बाजारभावाचा प्रश्न का यावा? विकताना घर ही मालमत्ता असते. राहताना तो निवारा असतो. वादळात मोडतो तो निवारा.

येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो टाळता कामा नये. "फादर, मी पोटाला चिमटा घेऊन विम्याचे हप्ते भरले. शेजाऱ्याने भरले नाहीत. आता त्याला मदत आणि माझ्या मदतीतून विम्याचे पैसे वजा? मग मी मूर्खच ठरलो की!" या तक्रारीत तथ्य आहे. दूरदृष्टी हा सद्गुण आहे आणि मदतीच्या नियमांनी तिला शिक्षा करू नये. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. विमा न घेणारा प्रत्येक जण बेफिकीर नसतो, कित्येकांना हप्ता परवडतच नाही. आणि जो खरोखरच बेफिकीर होता, त्याला शहाणपण शिकवण्याची वेळ वादळापूर्वीची असते. त्याची मुले भिजत असताना ती नसते.

द्राक्षमळ्यातील कामगारांचा दाखला आठवा. शेवटच्या तासाला आलेल्यालाही मालक पूर्ण दिवसाची मजुरी देतो. सकाळपासून राबणारे कुरकुरतात. एक दिनार म्हणजे त्या काळी कुटुंबाच्या एका दिवसाच्या पोटाची सोय. मालकाने पहिल्यांचे काही कमी केले नाही, ठरलेले दिले. मात्र शेवटच्यांना देताना त्याने त्यांचे तास मोजले नाहीत, त्यांची गरज पाहिली.

कागदपत्रांचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये अनेक कुटुंबांची घरे आजोबा-पणजोबांच्या नावावर होती. पिढ्यानपिढ्या लोक त्यांत राहत होते, पण मालकीचा कागद नव्हता म्हणून त्यांची मदत अडली. 2021 साली फेमाने नियम सैल केले आणि वारशाच्या घरांसाठी इतर पुरावे, अगदी शेवटी स्वतःचे लेखी निवेदनही, चालेल असे ठरवले. हे वाचून आपल्या वाड्यांतली किती घरे डोळ्यांपुढे येतात! सातबारा आजोबांच्या नावावर, राहणारे चार भाऊ, आणि वारस नोंद "पुढच्या वर्षी करू" म्हणून राहिलेली. भावाभावांचा अबोला हेही त्यामागचे कारण असते, हे मला कबुलीपीठाबाहेरही ठाऊक आहे.

म्हणून पावसापूर्वी चार गोष्टी करा. वारस नोंद आणि फेरफार करून घ्या. घरपट्टीच्या पावत्या आणि विम्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा. घराचे आतून-बाहेरून फोटो काढा. विमा असेल तर त्यात वादळ आणि पूर दोन्ही आहेत का, ते विचारून घ्या. नुकसान झालेच, तर आवरायला लागण्याआधी फोटो काढा, तलाठ्याला कळवा आणि पंचनाम्यात काय लिहिले ते वाचल्याशिवाय सही करू नका. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्यासोबत आपल्या तरुणांनी जावे. तीही मदतच आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये कॅथलिक चॅरिटीजच्या स्वयंसेवकांनी पुरात भिजलेल्या घरांतला चिखल आणि कुजलेल्या भिंती उपसून काढल्या. त्यासाठी पैशांपेक्षा हात लागले.

आणि आपल्या धर्मग्रामात पुन्हा कधी यादी करायची वेळ आली, तर ती मी एकट्याने कार्यालयात बसून करणार नाही. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद आणि प्रत्येक वाडीतील दोन माणसे घरोघरी जातील. कोणाचे घर किती मोठे, हे विचारणार नाहीत. आज रात्री या घरात कोण भिजणार आहे आणि त्यांच्या मदतीला दुसरे कोण आहे, एवढेच विचारतील. भाडेकरूंनाही विचारतील. काहींना जास्त मिळेल, काहींना काहीच मिळणार नाही. तेव्हा कुरकुर होईल. ती ऐकून घेण्याची माझी तयारी आहे.

ते पाकीट मी त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या खोलीत नेऊन दिले. त्या बाईंनी विचारले, "फादर, हे कोणी दिले?" मी म्हटले, "शेजाऱ्याने." तेवढे उत्तर त्यांना पुरले.

प्रभू आपल्या घरांचे रक्षण करो आणि शेजाऱ्याचे छप्पर पाहण्याची दृष्टी आपल्याला देवो.

तुमचा धर्मगुरू