कनवटीला पाणी

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. हे शाळेत पाठ होतं, पण कळतं ते यवतहून भुलेश्वरचा डोंगर चढताना. सकाळी घरून निघताना भरलेल्या बाटल्यांचा आधार वाटतो. उन्हं वर आली की त्यांचंच ओझं होतं. आणि बारा वाजता बाटली हलकी लागली की त्या हलकेपणाची धास्ती वाटते. म्हणून पाणी किती घ्यायचं, कशात घ्यायचं आणि अंगावर कुठे बांधायचं, हा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही.

शिरूर आणि दौंड हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख. इथे मावळासारखं दर वळणाला झरे भेटत नाहीत. पायवाटा आहेत त्या एका दिवसात उरकणाऱ्या: भुलेश्वर आणि त्याला वेढून असलेला दौलतमंगळचा पडका कोट, पाटसच्या पुढचा रोटी घाट, शिरूरच्या वायव्येला टाकळी हाजीजवळचं कुकडीचं पात्र. एवढ्यासाठी पाठीवर मोठी सॅक लागत नाही. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, फडक्यात बांधलेली भाकरी, मिठाची पुडी, पट्टी, फोन आणि थोडे सुटे पैसे हे सगळं कमरेच्या पिशवीत मावतं. पाठ मोकळी राहते, घाम वाऱ्याने सुकतो आणि भार शरीराच्या गुरुत्वमध्याजवळ बसतो.

पट्टा मात्र रुंद हवा आणि तो पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावर टेकायला हवा. बाटल्या दोन्ही बाजूंना, सारख्या वजनाच्या. प्यायचंही आलटून पालटून, म्हणजे तोल एका अंगाला जात नाही. दुकानात रिकामी पिशवी बांधून काही कळत नाही. बाटल्या भरून चार वेळा जिना चढावा-उतरावा. उतारावर बाटली मांडीवर आपटत असेल, तर ती पिशवी आपली नव्हे.

कमरेला बांधायची ही रीत आपल्याला नवी नाही. लुगड्याच्या किंवा धोतराच्या कनवटीला पैसे लावत. व्यापारी कपड्याच्या आत नाण्यांचा कसा आवळून प्रवासाला निघे. आणि चंची! माझ्या आजीची चंची खणाची होती. घडीत घडी, कप्प्यात कप्पा: एकात पान, एकात सुपारी, एकात कात, कडेला चुन्याची डबी. अंधारातही तिचा हात नेमका हव्या त्या कप्प्यात जाई. कमरेची पिशवी निवडताना मी अजून हीच कसोटी लावतो. चालता चालता, खाली न बघता, हाताला हवी ती वस्तू सापडली पाहिजे. अठरा कप्प्यांची पिशवी या कसोटीला उतरत नाही, चार कप्प्यांची उतरते.

बाटलीचं गणित थोडं वेगळं. दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली पाणी गार ठेवते, पण स्वतःच जड असते, आणि कमरेवर ते वजन जाणवतं. साधी स्टीलची बाटली टिकाऊ, तिच्यात लिंबू-मीठ-साखरेचं पाणीही चालतं. तांब्याच्या भांड्यात मात्र आंबट घालू नये. म्हणूनच जुन्या घरांत तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कल्हई करून घेत. प्रवासाला फिरकीचा तांब्या असे. फिरकी घट्ट बसली की गाडीच्या हादऱ्यानेही थेंब सांडत नसे.

गार पाण्याचा सगळ्यात सोपा उपाय मला वरवंडजवळच्या माळावर एका मेंढपाळाने दाखवला. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, त्याभोवती दुहेरी गोणपाट, सुतळीने दाभणाचे मोठे टाके घालून शिवलेलं. टाक्यांच्या ओळी नांगराच्या तासांसारख्या सरळ होत्या. सकाळी गोणपाट भिजवायचं आणि कॅन बाभळीच्या सावलीत वाऱ्याला टांगायचा. माठाचं आणि कॅनव्हासच्या छागलीचं तत्त्व हेच. पाणी वाफ होताना उष्णता ओढून नेतं. एक ग्रॅमला सुमारे 580 कॅलरी. म्हणजे ती सगळी उष्णता आतल्या पाण्यातूनच गेली, तर अवघं दहा ग्रॅम पाणी उडून एक लिटर पाणी पाच-सहा अंशांनी उतरेल. दौंडच्या कोरड्या हवेत हे फार छान साधतं. तेव्हापासून माझ्या बाटल्यांवर जुन्या सुती बनियनच्या बाह्या असतात, भिजवलेल्या.

तरीही पाणी पुरत नाही. उन्हात चढताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. दोन बाटल्या म्हणजे फार तर दोन तास. मग पूर्वीचा वाटसरू काय करत असेल? तो पाणी नेत नसे, भांडं नेई. तांब्या आणि सुताची दोरी जवळ असली की वाटेवरची प्रत्येक विहीर त्याची. उरलेला भरवसा गावांवर. या भरवशावर माणसं अजून चालतात. तुकोबांची पालखी दरवर्षी यवतला मुक्काम करते आणि सगळं गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं. पुढे वरवंड, पाटस, आणि मग रोटी घाट. तिथे रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. त्या चढावर कुणी कुणाला पाणी दिलं, याचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

पण वारीचा भरवसा आषाढाच्या तोंडावरचा आहे. वैशाखात याच गावांतल्या काही वस्त्या टँकरकडे डोळे लावून असतात. तेव्हा आपण हौसेने चालणाऱ्यांनी त्यांच्या दारात बाटली पुढे करावी का? मी माझ्यापुरता नियम केला आहे. मार्गशीर्ष-पौषात विहिरींना पाणी असतं, तेव्हा लांबची वाट धरावी आणि निःसंकोच पाणी मागावं. चैत्र-वैशाखात कमरेला मावेल तेवढ्या पाण्यात जेवढी वाट होईल, तेवढीच चालावी आणि दहाच्या आत परतावं. पिशवीला आणखी दोन बाटल्या लटकवून वाट लांबवण्यापेक्षा वाट आखूड करणं मला बरं वाटतं. वाट किती लांब हे कंबर ठरवते.

बाटलीचं तोंड रुंद असावं. सगळे म्हणतात, घासायला सोपं म्हणून. माझं कारण वेगळं आहे. टाकळी हाजीजवळ, कुकडीने पुरात गरगरणाऱ्या गोट्यांनी कातळात कोरलेले रांजणखळगे पाहून परतताना एका वस्तीवर पाणी मागितलं होतं. माउलीने तांब्या भरून आणला आणि माझ्या चिंचोळ्या तोंडाच्या बाटलीत ओतू लागली. धार हलली आणि निम्मं पाणी बोटांवरून मातीत गेलं. ती काही बोलली नाही, आत जाऊन दुसरा तांब्या घेऊन आली. मागे वळून पाहिलं तर ओली माती तेवढ्यात सुकायलाही लागली होती. त्या दिवसापासून माझ्या बाटलीचं तोंड तांब्याच्या धारेच्या मापाचं असतं.