क्षमा न होणारे पाप: तुम्हालाही त्याची भीती वाटते का?



"ते पाप माझ्या हातून झाले असेल तर?" हा प्रश्न पुष्कळ विश्वासणारे मनात बाळगतात, पण पाळकांनाही सांगत नाहीत. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की मनुष्यांना सर्व पापांची क्षमा मिळेल, परंतु पवित्र आत्म्याविरुद्ध दुर्भाषण करणाऱ्याला ती मिळणार नाही. आपण पहिला भाग पटकन वाचून जातो आणि दुसऱ्या भागाशी अडकतो. मग कधीतरी मनात येऊन गेलेला घाणेरडा विचार किंवा रागाच्या भरात देवाला बोललेले शब्द आठवतात, आणि प्रार्थनेला बसायचीही भीती वाटू लागते.

म्हणून प्रभू हे कोणाला आणि का बोलला, ते आधी पाहू या.

मत्तय सांगतो की येशूकडे एका आंधळ्या व मुक्या भूतग्रस्ताला आणले होते. येशूने त्याला बरे केले. तो बोलू व पाहू लागला. हाच दाविदाचा पुत्र असेल काय, असे लोक एकमेकांत विचारू लागले. परूशी आणि यरुशलेमेहून आलेले शास्त्री यांनी मात्र वेगळाच निकाल दिला: हा भुतांचा अधिपती बालजबूल याच्या बळावर भुते काढतो. लक्षात घ्या, चमत्कार झालाच नाही असे ते म्हणाले नाहीत. बरा झालेला मनुष्य डोळ्यांसमोर होता, शास्त्र त्यांना पाठ होते, आणि तरीही देवाच्या आत्म्याच्या कामाला त्यांनी सैतानाचे काम ठरवले.

भाषांतराचे काम करताना मी या ठिकाणी थांबतो. "दुर्भाषण" म्हटले की आपल्याला एकदाच तोंडून निसटलेला शब्द वाटतो. पण मार्क पुढच्याच वचनात कारण देतो: याला अशुद्ध आत्मा लागला आहे, असे ते म्हणत होते. मूळ ग्रीक क्रियापद चालू असलेली क्रिया दाखवते. ते एकदा चुकून बोलले नव्हते, ते तसे म्हणतच राहिले होते.

मग याला क्षमा का नाही? वधस्तंभावरचे रक्त अपुरे पडते म्हणून नव्हे. पापाची खातरी करून देणारा आणि ख्रिस्ताकडे नेणारा पवित्र आत्माच आहे. जो त्यालाच सैतान म्हणतो, तो पश्चात्तापापर्यंत पोहोचणार तरी कसा? मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. कर्ज दुसऱ्याने फेडले आहे, पावती तुमच्या नावाने तयार आहे, पण पावती आणणाऱ्यालाच तुम्ही चोर ठरवून दारातून हाकलता.

पौलाकडे पाहा. तीमथ्याला लिहिताना तो स्वतःला पूर्वीचा दुर्भाषण करणारा म्हणवतो, आणि तेथे मूळ भाषेत त्याच धातूचा शब्द आहे. तरीही त्याच्यावर दया झाली. पेत्राने तर प्रभूला तीनदा नाकारले, तेही शपथा घेऊन.

इंग्लंडमधला जॉन बन्यन भांडी सांधण्याचे काम करीत असे. "ख्रिस्ताला विकून टाक" हा विचार दिवसरात्र त्याचा पिच्छा पुरवी. एके दिवशी थकून त्याच्या मनाने म्हटले की त्याला जायचे तर जाऊ दे, आणि तेव्हापासून आपण एसावासारखे कायमचे गमावून बसलो अशी त्याची खात्री झाली. त्याने एका वयोवृद्ध ख्रिस्ती माणसाला हे सांगितले, तर तो म्हणाला, मलाही तसेच वाटते! (असा सल्ला कोणाला देऊ नका.) पुढे एकदा शेतातून जाताना बन्यनला उमगले की आपले नीतिमत्त्व आपल्या मनाच्या स्थितीत नाही, ते ख्रिस्त आहे, आणि तो स्वर्गात आहे. हे सारे त्याने 1666 साली तुरुंगात असताना छापलेल्या आत्मचरित्रात लिहिले. मराठीत "यात्रिकक्रमण" म्हणून आलेले पुस्तक याच बन्यनचे.

तेव्हा, आपण देवापासून दूर गेलो म्हणून ज्याचे मन तळमळते, तो त्या शास्त्र्यांसारखा नाही. त्यांना तळमळ नव्हती.

पण ज्याला भीती मुळीच वाटत नाही, त्याच्याशीही बोलायला हवे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 24 मधला सुभेदार फेलिक्स शुभवर्तमानाची टिंगल करणारा नव्हता. कैसरियात पौल नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय यांविषयी बोलला तेव्हा तो घाबरला. मग म्हणाला, आता जा, सवड मिळाली की बोलावीन. सवड त्याला मिळालीही. तो पौलाला वारंवार बोलावून बोलत राहिला, पण आता त्याला लाच मिळण्याची आशा होती. दोन वर्षांनी त्याच्या जागी फेस्त आला आणि फेलिक्स पौलाला बंदीत ठेवूनच निघून गेला. तो पुन्हा घाबरला असे कोठेही लिहिलेले नाही.

तुमच्याही मनात काही हलले असेल तर परीक्षा, नोकरी, लग्न उरकेपर्यंत थांबू नका. आज रात्री मार्काचा तिसरा अध्याय काढा, 28 वे वचन दोनदा वाचा आणि त्यातील "सर्व" या शब्दावर बोट ठेवा. मग ज्या पापाची लाज वाटते त्याचे नाव घेऊन, अगदी घरी बोलता तशा मराठीत, प्रभू येशूला क्षमा मागा. आणि ती जुनी भीती उद्या पुन्हा आली, तर एकटे झुंजू नका. पाळकांना किंवा एखाद्या विश्वासू भावाला-बहिणीला फोन करा.