कॉम्प्युटर जुळवण्याआधी

आज काही विकत घ्यायचं नाही. दुकानातून आणलेलं कोटेशन पालथं ठेवा, मोबाईल बाजूला सारा, कोरा कागद आणि पेन घ्या. बसा.

सोयाबीनचा पैसा नुकताच हातात आला असेल. रब्बीचं खत, पोरीच्या कॉलेजची फी, देणंघेणं यांतून कॉम्प्युटरसाठी काही रक्कम निघाली असेल. कळंब असो, परंडा असो की उमरगा, आपल्या धाराशिव जिल्ह्यात अनेक घरांतला पहिला डेस्कटॉप पाऊस आणि बाजारभाव यांचा अंदाज घेऊनच येतो. निवड चुकली तर दुरुस्त करायला पुढचा हंगाम उजाडतो. म्हणून आजचा दिवस फक्त विचाराला द्या.

पहिली ओळ कामाची लिहा. या मशीनसमोर कोण बसणार? काय करणार? पोरगी इंजिनिअरिंगला आहे आणि तिला प्रोग्रॅमिंग शिकायचं आहे? भावाला सेवा केंद्रात दाखल्यांचे, विम्याचे फॉर्म भरायचे आहेत? की तुळजापुरातल्या स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ कापायचे आहेत? ‘सगळंच करायचंय’ असं लिहू नका. तसं लिहिलं की तुमच्या वतीने दुकानदार ठरवतो.

या उत्तरापाशी रेंगाळा, कारण ग्राफिक्स कार्ड हवं की नको हे इथेच ठरतं आणि बजेटमधला बरेचदा सगळ्यात मोठा आकडा तोच असतो. फॉर्म, हिशेब, अभ्यास, प्रोग्रॅमिंग यांसाठी वेगळं कार्ड लागत नाही. ज्या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे, तो पुरतो. इंटेलचा आय-थ्री 12100 तसा आहे. त्याच्याच जोडीला 12100 एफ मिळतो, थोडा स्वस्त. त्या ‘एफ’चा अर्थ एवढाच की आत ग्राफिक्स नाही. कार्ड न घेता तो घेतला तर मशीन चालू होतं, पंखा फिरतो आणि मॉनिटर काळाच राहतो. एका अक्षरावर एवढं अवलंबून असतं. कोटेशनमधलं प्रत्येक अक्षर वाचा.

आता नावाबद्दल. ‘आय-फाइव्ह आहे, साहेब’ हे वाक्य ऐकलं की आपलं मन सैल पडतं. पण कोणत्या पिढीचा आय-फाइव्ह? 2012 साली आलेला आय-फाइव्ह 3470 आजही एच-61 बोर्डवर बसवून, चकचकीत कॅबिनेटमध्ये, रंगीत दिव्यांसह विकला जातो. 2022 चा आय-थ्री 12100 त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे. विंडोज 11 साठी इंटेलची निदान आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. कष्टाच्या पैशात कुणी घरात तेरा-चौदा वर्षांपूर्वीची चिप नवी म्हणून आणतो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. रक्कम अगदीच कमी असेल तर आठव्या पिढीचा, ऑफिसातून निघालेला वापरलेला संच त्यापेक्षा बरा. फक्त अशा संचांचा बोर्ड आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, पुष्कळदा कंपनीच्या खास मापाचा असतो, बाजारातला साधा भाग त्यात बसत नाही. तेवढं विचारून घ्या.

आता डोळे मिटा आणि मदरबोर्डवरचं सॉकेट नजरेसमोर आणा.

एलजीए 1700 हे त्याचं नाव. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर यात बसतात. चौकटीत 1700 बारीक सोनेरी पिना आहेत, केसासारख्या नाजूक. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात छोटा त्रिकोण आहे, सॉकेटच्या कोपऱ्यातही तसाच. त्रिकोणाला त्रिकोण आणायचा, कडेच्या खाचा जुळल्या का ते पाहायचं आणि प्रोसेसर अलगद ठेवायचा. दाबायचं नाही. बरोबर असेल तर तो स्वतःच्या वजनाने बसतो, मग वरची पट्टी लावून दांडी ओढायची. एएमडीच्या एएम-4 मध्ये उलटं, तिथे पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात.

एकाचं दुसऱ्यात बसत नाही. आणि बसतं तिथेही सगळं संपलं असं नाही. याच सॉकेटचा एच-610 चा बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर चौदाव्या पिढीचा प्रोसेसर त्यात नीट बसतो, पण बायॉस अपडेट केल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. धातूला जे मान्य आहे ते बोर्डच्या आतल्या प्रोग्रॅमलाही मान्य हवं. बोर्डच्या कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते, ती शांतपणे वाचण्यात अर्धा तास गेला तरी चालेल.

रॅमचंही तसंच. डीडीआर-4 आणि डीडीआर-5, दोन्ही पट्ट्यांना 288 संपर्कबिंदू, लांबीही सारखी. पण मधली खाच किंचित सरकलेली. एच-610 चे काही बोर्ड डीडीआर-4 घेतात, काही डीडीआर-5, दोन्ही घेणारा क्वचितच. म्हणून प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम हे तीन निर्णय नाहीत, एकच आहे. त्यात एकच पट्टी घेण्यापेक्षा निम्म्या निम्म्या दोन घ्या, विशेषतः ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच असेल तर, कारण तेही याच रॅमवर जगतं.

आता खोलीकडे बघा. विजेचा बोर्ड कुठे आहे? लाईट किती वेळा जाते? रात्री मोटारी सुरू झाल्या की दिवा मंद होतो का?

इथे मला नळदुर्ग आठवतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, बोरी नदीवर किल्ल्याला जोडून बंधारा बांधला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात नर-मादी धबधब्यांवरून पाणी कोसळतं तेव्हाही आत माणूस उभा राहू शकतो. बांधणाऱ्याने उन्हाळ्यातली धार धरून माप काढलं नव्हतं, पूर धरून काढलं होतं.

एसएमपीएसचा विचार तसाच करायचा. आय-थ्री 12100 चा मूळ आकडा 60 वॅटचा, पण जोर लावला की तो 89 पर्यंत जातो. कार्ड असेल तर त्याचा वेगळा. बेरीज करा आणि वर मोकळी जागा ठेवा. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या डब्यावर 450 वॅट छापलेलं असलं तरी त्यावर मी विश्वास ठेवत नाही. 80 प्लसचा शिक्का असलेला, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. पैसे कमी पडत असतील तर ते रंगीत दिव्यांतून, काचेच्या कॅबिनेटातून काढा, एसएमपीएसमधून कधीच नाही. तो बिघडला की बोर्डलाही सोबत नेऊ शकतो.

आणि अर्थिंग. हे कोणत्याच कोटेशनमध्ये नसतं. उन्हाळ्यात आपली जमीन कोरडी पडते, भेगाळते, अर्थिंगचा खड्डाही सुकतो आणि नावापुरता उरतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर सवयीचं म्हणून सोडू नका. वायरमनकडून तपासून घ्या, खड्ड्यात पाणी घालत राहा. 600 व्हीएचा साधा यूपीएस साधारण 360 वॅट पेलतो. कार्ड नसलेल्या मशीनला काम सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ त्यातून मिळतो.

उन्हाळ्याचंही लिहून ठेवा. मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर असते, तेव्हा चिप थंड करायला तेवढीच गरम हवा मिळते. तापली की ती स्वतःचा वेग उतरवते. समोर जाळी आणि धूळ अडवणारा फिल्टर असलेलं कॅबिनेट घ्या, भिंतीला चिकटवू नका.

मग दुकानात जा. सोलापूर, लातूर, धाराशिव, जिथे विश्वास असेल तिथे. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम एकाच बिलावर घ्या, म्हणजे मशीन उठलं नाही तर तीन दुकानदार एकमेकांकडे बोट दाखवणार नाहीत. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीसाठी कोणत्या गावी जावं लागेल ते विचारा. तिथेच जोडणी करून चालू करायला सांगा, बायॉस उघडा आणि प्रोसेसरचं नाव, रॅमचा आकडा बिलाशी ताडून बघा. जुळलं की पैसे द्या.