पक्ष्यांची मोजदाद

सूरह अल-मुल्कची 19 वी आयत डोक्यावर पंख पसरून उडणाऱ्या पक्ष्यांकडे पाहावयास सांगते. त्यांना रहमानच सावरून धरतो. पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात आपण किती वेळा मान वर करतो?

अमूर ससाणा जेमतेम दीडशे ग्रॅमचा. नोव्हेंबरात नागालँडहून निघून, महाराष्ट्र व अरबी समुद्र ओलांडून तो आफ्रिका गाठतो, एप्रिल-मेमध्ये परततो. 2013 साली उपग्रह यंत्रे बांधलेल्या ससाण्यांनी ही वाट दाखवली.

अल्लाहने प्रत्येक वस्तू मोजून ठेवली आहे, असे सूरह अल-जिन्नची अखेरची आयत सांगते. माणसाची मोजणी कधी बाजारासाठी असते. नागालँडच्या पांगती गावी 2012 साली हे पक्षी जाळ्यांत धरून हजारोंनी मारले, विकले गेले. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी हातची कमाई सोडून शिकार थांबवली. ते आपल्या धर्माचे नव्हेत, हे विशेष ध्यानी घ्यावे.

नसईतील हदीसनुसार नाहक मारलेल्या चिमणीबद्दलही अल्लाह जाब विचारील. सुट्टीत मुलांच्या हाती गलोल दिसली की आपण कौतुकाने हसतो. यंदा ती काढून घ्या, वही द्या. असरनंतर घारी, शिक्रे, ससाणे मोजू द्या.