परवानगी आणि निर्दोषता

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात मोठ्या शिकारीचेही परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते संपले. तथापि अनुसूची २ मधील रानडुक्कर वा रोही उभ्या पिकास धोकादायक ठरल्यास अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने आजही मारता येतो. पैनगंगा अभयारण्य ज्या उमरखेड तालुक्यात पसरले आहे, तेथील ढाणकीसारख्या गावी हा प्रश्न केवळ ग्रंथातला नाही.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या जानूखाली शिरलेल्या सशाची लीळा सर्वविदित आहे. येथे शंका अशी: त्या सशाने कोणाचे शेत उजाडले नव्हते, मग शेतकऱ्याने काय करावे?

समाधान असे: आदेश राजदंड टाळतो, हिंसेचा दोष टाळीत नाही. अनुसूची प्राण्यांची प्रतवारी करते. मरणाच्या भयाला प्रतवारी नसते. तरीही छंदासाठी मारणारा आणि लेकरांच्या घासासाठी व्याकूळ झालेला, हे दोघे समान नव्हेत. शिवाय त्याच शेतातील धान्य भिक्षेच्या झोळीत पडते. म्हणून अन्न घेणाऱ्याने शेतकऱ्यास केवळ दूषण देणे अनुचित होय. कुंपणास हातभार, राखणीस सोबत, भरपाईच्या अर्जास साह्य, हे ज्याने केले नाही, त्याची अहिंसा दुसऱ्याच्या खर्चाने पाळलेली ठरते.